गुलाबी ठिपक्याचं कुलूप

अप्पा,

आज मला तुमचा भयंकर राग आलाय. आधी तेच लिहून टाकते, नाहीतर नेहमीसारखं हवापाण्याच्या गप्पांत मूळ मुद्दा राहून जायचा. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली, तेव्हा तब्येत विचारण्याचा प्रश्नच नाही. हवा म्हणाल तर झाशीचा मे महिना तुम्हाला मी काय सांगणार! रविवारची दुपार आहे. सिव्हिल लाइन्समधल्या माझ्या घरात कूलर खडखडतोय, घरातली सगळी आडवी झाली आहेत आणि मी जेवणाच्या टेबलावर कागद मांडून बसलेय. एक हा. दुसरा कंपनीचा छापील अहवाल, त्यावर मला सही करायची आहे. उद्या सकाळी दहाला सरकारी निरीक्षक कारखान्यात येणार आहेत, त्याआधी. अहवालात लिहिलंय की आमच्या फिटरनं मशीनला कुलूप लावलं नाही, बूटही घातले नाहीत आणि तसाच आत उतरला, म्हणून त्याचा डावा पाय अर्धा गेला. कुलपाचं खोटं आहे. त्यानं कुलूप लावलं होतं. ते मी कापायला लावलं. कापलेलं कुलूप या क्षणी माझ्या पर्समध्ये आहे, रुमालात गुंडाळलेलं.

एवढं वाचून तुम्ही काय केलं असतं ते मला पाठ आहे. चष्मा काढला असता, शर्टाच्या टोकानं सावकाश पुसला असता आणि म्हणाला असता, "बरं. मग आता आपल्या हातात काय आहे?" हेच! नेमका ह्याचाच राग आलाय मला. दूध नासलं, आपल्या हातात काय आहे. बारावीला मार्क कमी पडले, आपल्या हातात काय आहे. आईचं दुखणं निघालं, डॉक्टरांनी मान हलवली, तुम्ही दवाखान्याच्या पायरीवर बसून संत्र सोलत तोच प्रश्न विचारलात. मला तेव्हा ते संत्र भिंतीवर फेकून मारावंसं वाटलं होतं. फेकलं नाही. खाल्लं. तुमच्यासारखीच गप्प राहून, एकेक फोड करून खाल्लं. लोक म्हणाले, पोरगी बापावर गेलीय.

माझी ही नोकरी तुम्हाला ठाऊक नाही, म्हणून सांगते. मोठ गावाच्या अलीकडे कानपूर रोडवर डाळ आणि वाटाण्याची मोठी मिल आहे, तिथली मी प्रमुख. मालक वारले, आता त्यांचा मुलगा बघतो. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, बाहेर शिकून आलेला. सगळे त्याला भैयाजी म्हणतात, मीही म्हणते. त्यानं येताना एक तत्त्वज्ञान आणलं. ग्रीस-रोमकडचं, फार जुनं, स्टोइक म्हणतात त्याला. आपल्या वशात काय आहे आणि काय नाही ते ओळखा, जे नाही त्याबद्दल त्रागा करू नका, संकटात डोकं थंड ठेवा. हे आता मोठमोठ्या कंपन्यांच्या साहेबांना शिकवतात म्हणे. भैयाजी दर सोमवारी सकाळी साडेआठला पॅकिंगच्या शेडमध्ये सगळ्यांना उभं करून त्याची सभा घेतो. मी पहिल्या सभेला उभी होते आणि माझ्या अंगावर काटा आला, अप्पा. शब्द न शब्द तुमचा! मला वाटलं, माझा बाप रेल्वेच्या यार्डात मालगाड्यांच्या वाघिणी तपासत आयुष्य काढून गेला आणि इकडे त्याचं बोलणं इंग्रजी पुस्तकांतून विकत मिळतंय. मान ताठ झाली माझी. काय मूर्ख बाई मी.

कारण त्या सभेत होतं काय? पॅकिंगच्या बायकांनी पंखे मागितले. पत्र्याचं शेड, एप्रिलपासून भट्टी. भैयाजी हसून म्हणाला, "देखिए, गर्मी हमारे वश में नहीं है। गर्मी के बारे में हमारी सोच हमारे वश में है।" आणि गेला आपल्या थंडगार केबिनमध्ये. बायकांनी एकमेकींकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. मी मान डोलावली. पंखे अजून लागलेले नाहीत. जिन्यात एक मोठं पोस्टर लावलंय: धैर्य, संयम, विवेक. मी हट्टानं मुळातलं पुस्तक आणून वाचलं, शब्दकोश घेऊन, तर त्यात गुण चार. चौथा न्याय. मी विचारलं, भैयाजी, एक राहिला की. तो म्हणाला, "मैडम, चार से डिज़ाइन बिगड़ रहा था।" शपथ सांगते, असंच म्हणाला. आणि त्या जुन्या लोकांत एक बादशहा होता तसा एक गुलामही होता, तेही पुस्तकातच आहे. भैयाजींना बरा फक्त बादशहा सापडला! वाईट माणूस नाही तो, हेच तर दुखणं आहे. वाईट असता तर मी कधीच भांडले असते. आदरानं बोलतो, सणाला मिठाई घेऊन स्वतः दारात येतो आणि जे जे अंगाशी येईल ते ते वशाबाहेरच्या ढिगात टाकून देतो.

आता तुमचं. लाल झेंडीची गोष्ट तुम्ही स्वतः कधी सांगितली नाहीत, यार्डातल्या लोकांनी सांगितली. वाघिणीखाली माणूस काम करत असला की तिच्या दोन्ही टोकांना लाल झेंडी लावायची आणि ज्यानं लावली त्यानंच ती काढायची, दुसऱ्या कुणी नाही, मग तो कुणीही असो. गाडीला आधीच उशीर झालेला, साहेब प्लॅटफॉर्मवरून रुळांतून तरातरा चालत आलेले, आणि तुमच्या हाताखालचा मदतनीस खलाशी अजून खाली ब्रेकच्या कामात अडकलेला. साहेब ओरडले, "झंडी हटाओ!" तुम्ही म्हणालात, "साहब, जिसने लगाई है वही हटाएगा।" चाळीस मिनिटं. साहेबांनी आईबहीण काढली, तुमच्या कपाळाची एक शीर हलली नाही. खलाशी आला, त्यानं त्याची झेंडी काढली, गाडी सुटली. तीन आठवड्यांत तुमची बदली. आडबाजूचं स्टेशन, जिथे माझी शाळा नाही, आईचा दवाखाना नाही. आम्ही दोघी इथेच राहिलो आणि तुम्ही दोन वर्षं पंधरा दिवसांतून एकदा यायचात.

बदलीचा कागद आला त्या दिवशीचं स्वयंपाकघर मला आजही दिसतं. आई पोळ्या करतेय, तुम्ही पाटावर बसून वरणभात कालवताय. अगदी नेहमीच्या आवाजात तुम्ही म्हणता, "बदली झालीय. ते काही आपल्या हातात नाही." आणि आई लाटणं खाली ठेवते. आपटत नाही, ठेवते. म्हणते, "तुमच्या हातात झेंडी होती, ती धरून ठेवलीत, छान केलंत. आमच्या हातात काय आहे ते सांगा. एकदा तरी विचारलंत?" तुम्ही मान खाली घालून जेवत राहिलात. ते उत्तर अजून यायचंय, अप्पा. तुमचं ते धैर्य मी चारचौघांत मिरवते, पण त्या दोन वर्षांत रात्री कळा आल्या की आई माझ्या हाताला धरून बसायची, आणि तुमची शांती तेव्हा दोनशे किलोमीटरवर छान झोपलेली असायची. साहेबापुढे गप्प राहिलात ते समजतं. आमच्यापुढे कशाला गप्प राहिलात? आमच्याजवळ तरी चिडायचं, रडायचं! मला वाटायचं मोठी माणसं अशीच असतात. कुणी कळवळलं की आवाज खाली आणायचा, म्हणजे आपण शहाणे. हे मी तुमच्याकडून शिकले आणि फार चांगलं शिकले.

आणि बघा, ही नोकरी मला मिळाली तीही तुमच्या झेंडीवर. मुलाखतीत मी तीच गोष्ट सांगितली. भैयाजीचे डोळे चमकले, म्हणाला, "मैडम, आपके पिताजी तो असली स्टोइक थे।" मग मी मिलमध्ये कुलूप आणलं. मशीनच्या आत उतरणाऱ्यानं आधी वीज बंद करायची, खटक्याला स्वतःचं कुलूप घालायचं आणि चावी स्वतःजवळ ठेवायची. ज्याचं कुलूप त्यानंच काढायचं. प्रत्येकाला एकेक कुलूप दिलं. निम्म्यांनी हसून खिशात टाकलं, घरच्या पेटीला लावलं असेल. एकानं मात्र ते मनावर घेतलं, तो हा फिटर. मोठजवळच्या गावचा, चाळिशीचा, बोलायला कमी. सगळी कुलपं एकसारखी म्हणून त्यानं आपल्या मुलीचं नेलपॉलिश आणून त्यावर गुलाबी ठिपका दिला. चावी काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातली. मी तुमची गोष्ट सभेत सांगितली होती, ती त्याला इतकी आवडली की कुणी नवा माणूस आला की तो सांगायचा, "मैडमजी के बाबूजी ने पूरी रेल रोक दी ती।" फक्त एका गोष्टीवरून आमचं वाजायचं. धान्याच्या मशीनवर चढताना किंवा आत उतरताना तो आम्ही दिलेले जाडजूड बूट काढून ठेवायचा. मी एकदा सगळ्यांदेखत झापलं, हे काय चाललंय? तो म्हणाला, "अन्न है मैडमजी, जूता पहन के कैसे चढ़ें?" पुढच्या वेळी पुन्हा बूट बाहेर. व्यवस्थित, जोडीनं, देवळाबाहेर ठेवतात तसे.

तर गुरुवारी दिल्लीचे पाहुणे नवीन लाइन बघायला यायचे होते, अकराला. साडेदहाला खालच्या खड्ड्यातला धान्य पुढे ढकलणारा मोठा स्क्रू अडकला. दहा पंचावन्नला सुपरवायझर धावत आला. "मैडम, लाइन बंद है, ताला लगा है।" मी विचारलं, किसका? "गुलाबी वाला।" मी म्हटलं, वो कहाँ है? "चाय पीने निकल गया होगा, इस टाइम जाता है।" फाटकाशी गाड्या वळताना दिसत होत्या. भैयाजी हार घेऊन उभा. मी स्वतः खाली गेले. खड्ड्याकडे एक नजर टाकली, कुणी दिसलं नाही. मी म्हटलं, "काट दो।" दोनच शब्द. कटर स्टोअरमधून आणायला दोन मिनिटं लागली, म्हणजे मला विचार करायला पूर्ण दोन मिनिटं मिळाली होती. त्या दोन मिनिटांत मी पदर सारखा केला आणि पाहुण्यांना आधी काय दाखवायचं ते मनात जुळवलं. कुलूप तुटलं, खटका वर गेला आणि खालून आवाज आला. तो आवाज मी तुम्हाला लिहून सांगणार नाही.

आणि मग मी काय शांत होते म्हणून सांगू! खटका मीच खाली ओढला. चौघांना नावानिशी कामं सांगितली. पदर फाडून त्याची मांडी आवळली, पाहुण्यांच्याच गाडीत त्याला घातलं, झाशीच्या दवाखान्यात फोन करून स्ट्रेचर दारात तयार ठेवायला लावलं. पूर्ण रस्ता त्याचं डोकं माझ्या मांडीवर, आणि मी त्याला मोठमोठ्यानं गावं मोजायला सांगत होते, शुद्ध जाऊ नये म्हणून. आवाज एकदाही चढला नाही. हात एकदाही कापला नाही. दिल्लीचे पाहुणे भारावून गेले. दुसऱ्या दिवशी भैयाजीनं सगळ्यांच्या फोनवर माझी स्तुती पाठवली, लीडरशिप अशी असते म्हणून. पुढच्या महिन्यात दिल्लीला कंपन्यांच्या साहेबांचा मेळावा आहे, तिथे मी 'संकट में स्थिर' या विषयावर बोलायचं आहे. स्टेज, माईक, मागे मोठा पडदा. हे सांगायला त्यानं मला केबिनमध्ये बोलावलं आणि त्याच बैठकीत हा अहवाल माझ्यापुढे सरकवला. मी वाचला. म्हटलं, भैयाजी, ताला तो था. तो अगदी हळू, अगदी समंजसपणे म्हणाला, "मैडम, जो हो गया वो हमारे वश में नहीं है। रिपोर्ट हमारे वश में है।"

डोक्यात तिडीक जायला हवी होती की नको? नाही गेली. मी म्हटलं, रविवारपर्यंत बघून देते. असं म्हटलं मी! आणि तिथून दवाखान्यात गेले, फळं घेऊन. त्याची बायको पदरानं वारा घालत होती. पाय पांढऱ्या पट्टीत, अर्ध्यावरच संपलेला. त्यानं उठायचा प्रयत्न केला, मी थांबवलं. मला वाटलं आता हा विचारणार, नोकरीचं काय, घरचं काय, किंवा सरळ शिव्या घालणार, घालाव्यात त्यानं. तो गळ्यातली चावी चिमटीत धरून म्हणाला, "मैडमजी, एक बात पूछने ती। हमने तालो लगाओ तो न? सब कै रए के हम भूल गए। चाबी तो जा रई, पर अब हमें खुद याद नईं आ रओ।" चावी चिमटीत होती, पण कुलूप लावल्याचं त्यालाच आठवेना; त्याला स्वतःवर शंका यायला लागली होती, अप्पा. त्या मिलमधला एकुलता एक माणूस ज्यानं तुमची झेंडी मनापासून धरली, तो पडल्या पडल्या विचार करतोय की चूक माझीच असेल. आणि कुलूप माझ्या पर्समध्ये, त्याच्यापासून हातभर अंतरावर. मी काय बोलले? "आप आराम करिए। ज़्यादा सोचिए मत।" तुमच्या आवाजात बोलले. हुबेहूब तुमचा तो मऊ, खाली आणलेला, कुणाच्याही रागाला जागा न ठेवणारा आवाज. बाहेर येऊन मी गाडीत बसले आणि तेव्हा पहिल्यांदा मला तुमचा राग आला. दोन दिवस झाले, जातच नाहीये.

आज सकाळपासून ह्या रागाला धरून बसलेय आणि त्यातून एक जुनी गोष्ट वर आली. मी दहा वर्षांची. आईनं तुमचा डबा देऊन मला यार्डात पाठवलंय. तुम्ही लांब दुसऱ्या गाडीपाशी आहात. एक वाघीण उभी, तिच्या टोकाला रुळांमध्ये लाल झेंडी खोचलेली. उन्हात नुसती पेटल्यासारखी. मी ती उपटली आणि मिरवत तुमच्याकडे निघाले. तुम्ही मला बघितलंत आणि धावत सुटलात. तुम्हाला धावताना मी आधी कधी बघितलं नव्हतं, नंतरही नाही. आल्या आल्या थोबाडीत मारलीत. डबा पडला, भाजी खडीत सांडली. आणि तुम्ही ओरडलात! बाप रे. सगळं यार्ड वळून बघायला लागलं. खालून खलाशी बाहेर आला, म्हणाला, "बच्ची है, बाबूजी, जाने दो।" तुम्ही त्याच्यापुढे हात जोडलेत, माझ्या देखत, आणि म्हणालात, "बच्ची नहीं, मेरी बेटी है। गलती मेरी है।" हात थरथरत होते तुमचे. मग मला त्या झेंडीशेजारी उभं केलंत, त्याचं काम संपेपर्यंत, भर उन्हात. घरी आल्यावर तुम्ही जेवला नाहीत. आई म्हणाली, हा माणूस लग्नानंतर पहिल्यांदा ओरडलेला ऐकला मी.

चाळीस वर्षं मी ती थोबाडीत अन्याय म्हणून जपली आणि तुमची ती चाळीस मिनिटांची शांती शिकवण म्हणून. उलटं होतं की हो सगळं! साहेब ओरडत होता तेव्हा तुमचा स्वतःचाच मान जात होता, म्हणून तुम्ही गप्प राहू शकलात. खलाशाचा जीव जायची वेळ आली तेव्हा तुम्ही धावलात, ओरडलात, पोटच्या पोरीला मारलंत आणि चूक आपली म्हणून हात जोडलेत. भैयाजीच्या पोस्टरवर जो चौथा शब्द मावला नाही, तो तुमच्या त्या थरथरीत होता. हे सांगितलं का नाहीत कधी? तोंडात मूग धरून बसलात! नुसतं 'आपल्या हातात काय आहे' म्हणत राहिलात आणि मी त्यातली फक्त थंडी उचलली. शांत राहायला मी शिकले आणि कशासाठी शांत राहायचं ते कुणी शिकवलं नाही. हा माझा तुमच्यावरचा आरोप आहे आणि तो मी मागे घेत नाही. आईच्या वतीनंही घेत नाही.

आता ऐका मी काय केलंय ते. छापील अहवालावर सही केलेली नाही. वेगळ्या कागदावर हिंदीत माझा जबाब लिहिलाय, चार ओळींचा. फिटर ने अपना ताला लगाया था. ताला मेरे कहने पर काटा गया. उसकी कोई गलती नहीं है. कटा हुआ ताला मेरे पास है. उद्या दहाला तो मी निरीक्षकांच्या हातात देणार, भैयाजीच्या नाही. नोकरी जाईल, बहुतेक. दिल्लीचं स्टेज तर गेलंच, बरं झालं. त्याआधी आज दवाखान्यात जायचंय, चार ते सहा भेटायची वेळ असते. ते कुलूप त्याच्या हातात ठेवणार आहे, गुलाबी ठिपका वर करून. गळ्यातली चावी त्यानं स्वतः घालून बघावी. दांडा कापला गेलाय, बाकी कुलपाला काही झालेलं नाही. चावी फिरते का हे बघण्याचा अधिकार त्याचा. पण फिरेल. मग त्याला काय बोलायचं असेल ते त्यानं बोलावं. मी त्याला आराम करा म्हणणार नाही.

लिहिताना एकदा वाटलं, ही पानंही जबाबाला जोडावीत. नको. हे आपलं घरचं भांडण आहे, मराठीतलं, आता ह्या घरात नीट मराठी वाचणारीही मीच एक उरलेय. तुमच्या ड्यूटीच्या जुन्या डायरीत घालून ठेवीन, राहील तिथेच.

एक मात्र राहिलं. त्या दिवशी यार्डात, मारून झाल्यावर, तुम्ही खाली बसून मला विचारलं होतंत, "खाली माणूस आहे हे तुला माहीत नव्हतं ना?" मी हुंदके देत नाही म्हटलं. तुम्ही लगेच विश्वास ठेवलात, डोळे मिटून घेतलेत. अप्पा, माहीत होतं. वाघिणीखालून दोन पाय बाहेर आलेले दिसत होते, टाचांना भेगा पडलेले. मला वाटलं, एवढ्यात काय होतंय. आणि वर मी लिहिलंय ना, की गुरुवारी खड्ड्याकडे नजर टाकली तर कुणी दिसलं नाही? कुणी दिसलं नाही हे खरं आहे. बूट दिसले होते. खड्ड्याच्या तोंडाशी, जोडीनं ठेवलेले. ही ओळ माझ्या त्या चार ओळींत नाही. साडेतीन वाजलेत. ती लिहिते आणि निघते.